जपायचंच असेल तर

शिक्षणाच्या बाबतीत मी जुन्या वळणाची आहे. मूल आधी घरचं, मग गावचं आणि त्यानंतर देशाचं, असं मी मानते. पाढे पाठ हवेत. कविता तोंडपाठ हवी, अर्थ मागाहून कळला तरी चालेल. गुरुजींना गावातलं घर न् घर माहीत असावं. आणि जे बरं चाललंय, ते मुंबई-दिल्लीत कुणाला नवीन काही सुचलं म्हणून मोडू नये. याला कुणी परंपरावादी म्हणतं, कुणी प्रतिगामी. पहिला शब्द मला मान्य आहे. दुसऱ्याशी मला भांडायचं आहे, आणि कोल्हापुरात राहून ते भांडण करणं अवघड जातं. शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय इथं शिक्षणावर कुणी बोलत नाही, आणि महाराजांनी परंपरावाद्यांना दिलेलं उत्तर शंभर वर्षांत कुणाला खोडता आलेलं नाही.

2020 च्या 29 जुलैला केंद्रीय मंत्रिमंडळानं नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण मंजूर केलं. आधीचं 1986 चं, त्याच्या आधीचं 1968 चं. नवं धोरण मी बारकाईनं वाचलं, कारण त्यात आमच्यासारख्यांच्या मनातलं पुष्कळ काही होतं. निदान पाचवीपर्यंत, जमलं तर आठवीपर्यंत मुलाला त्याच्या घरच्या भाषेतून शिकवावं. भारतीय ज्ञानपरंपरा अभ्यासात यावी. हाताच्या कामाला, स्थानिक कारागिरांच्या कसबाला शाळेत जागा मिळावी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत. हे सहा टक्के 1966 च्या कोठारी आयोगापासून चालत आलेत आणि अजून कागदावरच आहेत, पण निदान मागणी सोडलेली नाही. यातलं बहुतेक मला पटलं आणि आजही पटतं.

अडचण दिसली ती आमच्या शाळेच्या व्हरांड्यात.

राधानगरीच्या बाजूला आमचं गाव आहे. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक, पट 18. माझा मुलगा तिथंच शिकतो आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं ही समिती प्रत्येक सरकारी शाळेला दिली. तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या जागी बायका असल्या पाहिजेत, असं कायदाच सांगतो. कागदावर ही फार मोठी गोष्ट आहे. शाळेचा कारभार शाळेत मुलं पाठवणाऱ्यांच्या हाती असावा, याहून आमच्या विचाराचं दुसरं काय असणार?

प्रत्यक्षात बैठक अशी होते. जुलैचा पाऊस पत्र्यावर इतका वाजत असतो की शेजारचं बोललेलं ऐकू येत नाही. स्वयंपाकीण मावशी खिचडीचं पातेलं उतरवून ठेवतात. बाई एका हातानं इतिवृत्ताचं रजिस्टर पुढं सरकवतात आणि दुसऱ्या हातात फोन धरून खिडकीपाशी जातात, कारण रेंज फक्त तिथंच येते आणि आज किती मुलं जेवली हा आकडा वेळेत वर जायला हवा. विषय क्रमांक एक, मागील इतिवृत्त कायम करणे. विषय क्रमांक दोन, शौचालयाचं दार. विषय क्रमांक तीन, वरून आलेलं पत्र वाचून दाखवणे. हा तिसरा विषय प्रत्येक बैठकीत असतो आणि त्यावर आम्हाला काही विचारलेलं नसतं. कुठला दिवस साजरा करायचा, त्याचे फोटो कुठं टाकायचे, कुठली माहिती कुठल्या पोर्टलवर भरायची, हे पत्रात लिहूनच आलेलं असतं. आम्ही सह्या करतो. दाराचा विषय पुढच्या बैठकीत परत येतो.

परंपरावादी धोरण म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला अशा एका बैठकीतून घरी येताना पडला, आणि त्याचं उत्तर शोधताना मी फार लांब गेले.

शाळेचं केंद्रानं ठरवायचं की गावानं, हा वाद अमेरिकेत बराच काळ चाललाय. तिथल्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही, त्यामुळे ते काम राज्यांचं आणि गावोगावच्या शाळा मंडळांचं. 1979 मध्ये कार्टर अध्यक्ष असताना केंद्राचं स्वतंत्र शिक्षण खातं करण्याचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी रेगन ते खातं बंद करण्याचं वचन देऊन निवडून आले. खातं काही बंद झालं नाही. उलट रेगन यांच्याच शिक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या आयोगानं 1983 मध्ये असा अहवाल दिला की शाळांची घसरण हा अख्ख्या देशाला धोका आहे. एकदा धोका देशाला म्हटल्यावर उपायही देशानंच करायचा, हे ओघानं आलं. 2002 मध्ये त्याच पक्षाच्या बुश यांनी तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचनाची आणि गणिताची चाचणी घ्यायला लावणारा कायदा केला. 2025 च्या मार्चमध्ये ट्रम्प यांनी पुन्हा खातं गुंडाळायचा आदेश काढला, पण ते पूर्ण बंद करायला संसदेचा कायदा लागतो.

इंग्लंडमध्ये तर दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात आहेत. थॅचर यांच्या सरकारनं 1988 मध्ये शिक्षण सुधारणा कायदा केला. त्यानं शाळांच्या पैशांचा कारभार स्थानिक अधिकाऱ्यांकडून काढून शाळांच्या हाती दिला, आणि त्याच कायद्यानं साऱ्या देशाला एक अभ्यासक्रम लावला.

मला यातून एवढं उमगलं की आमच्या विचाराच्या माणसांत दोन स्वभाव आहेत. एक म्हणतो, आईबाप आणि गाव यांना ठरवू द्या, त्यांच्यावर विश्वास टाका. दुसरा म्हणतो, देशातल्या प्रत्येक मुलाला काही एक समान ठेवा मिळालाच पाहिजे, तो कुणाच्या मर्जीवर सोडू नका. दोन्ही प्रामाणिक आहेत. पण सत्ता हाती आली की दुसरा पहिल्याला दाबतो, कारण विश्वास टाकण्यापेक्षा आदेश काढणं सोपं असतं.

आपल्याकडे पहिल्या स्वभावाला फारशी संधीच मिळाली नाही. घटनेत शिक्षण राज्यांच्या यादीत होतं. आणीबाणीत, 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं ते समवर्ती यादीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत, गेलं. नंतर आलेल्या कुठल्याही सरकारनं, परंपरेचं नाव घेणाऱ्यांनीसुद्धा, ते राज्यांना परत दिलं नाही. तमिळनाडूनं केंद्राच्या पीएम-श्री या आदर्श शाळांच्या योजनेच्या करारावर सही केली नाही, तेव्हा केंद्राकडून शाळांसाठी येणारे समग्र शिक्षा योजनेचे पैसे अडले. त्या राज्याची सगळी भूमिका मला पटते असं नाही. पण शाळेच्या पैशाला सहीची अट घालणं हे जपणाऱ्याचं लक्षण मी मानत नाही.

आपल्या राज्यात 2025 मध्ये काय झालं ते ताजं आहे. एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची. जूनमध्ये दुसरा निर्णय आला, त्यात सक्ती शब्द गेला आणि 'सर्वसाधारणपणे' आला. 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मला हिंदीबद्दल आकस नाही. माझ्या माहेरी तीन भाषांची पुस्तकं होती. मात्र सहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात तिसरी भाषा घालायचा निर्णय ज्या समितीला कायद्यानं शाळेचा कारभार दिलाय तिच्या कानावर पेपरातून येतो, याचं मला फार वाईट वाटलं. आमच्या बैठकीत शेवटच्या बाकावर बसलेले तात्या म्हणाले, "पोरगं अजून 'ण' आणि 'न' एकच म्हणतंय, आधी तेवढं तरी हुंद्या की." धोरणाच्या मजकुरात मातृभाषेबद्दल जे लिहिलंय, तेच तात्या बोलत होते.

आता महाराजांकडे यायला हवं.

कागल हे गाव मला नेहमी विचार करायला लावतं. सक्तीच्या शिक्षणाची मागणी कायदेमंडळात मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले लहानपणी कागलला वाढले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. सक्ती प्रत्यक्ष आणणारे शाहू महाराज हे कागलच्या घाटग्यांचे पुत्र. गोखल्यांनी 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं, तेही सावध. जिथं स्थानिक मंडळांना हवं असेल तिथंच आणि हळूहळू सक्ती, एवढीच मागणी होती. 1912 च्या मार्चमध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. विरोधात सरकारी सदस्य होते आणि त्यांच्याबरोबर आपले जमीनदारही होते. त्यांची कारणं अशी: पैसा नाही, लोक तयार नाहीत, शेतावरची माणसं कमी होतील, मुलाचं काय करायचं ते बाप ठरवेल. यातलं शेवटचं वाक्य मी आज बोलते, हे मला विसरून चालणार नाही.

पाच वर्षांनी, 1917 मध्ये, कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळच्या रुपयाला काय किंमत होती हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मागितलं होतं, निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्ती करा म्हणून. फुले जाणत होते आणि महाराजही जाणत होते की ज्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणी पाटी धरली नाही, त्या घराला 'तुम्हीच ठरवा' म्हणणं म्हणजे त्या मुलाला वाऱ्यावर सोडणं. ज्या घरात शिक्षणाची परंपरा आहे, तिथं कुटुंबावर विश्वास टाकणं सोपं आहे. परंपरा हाच ज्यांच्या वाटचा अडसर होता, त्यांच्यासाठी राजाला मध्ये पडावं लागलं.

महाराजांनी दुसरी एक गोष्ट केली. तिच्याकडे पुरोगामी मंडळी थोडी घाईनं बघतात, असं मला वाटतं. दसरा चौकात उभं राहिलं की आजूबाजूला बोर्डिंगांच्या इमारती दिसतात. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग निघालं, मग मुस्लिम, लिंगायत आणि इतर समाजांची, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. यातल्या कितीतरी ठिकाणी जागा आणि मदत दरबारची आणि कारभार त्या त्या समाजातल्या जाणत्या माणसांचा. जे नातं आधीपासून होतं, आपल्या माणसाचं पोर शिकावं ही ओढ होती, तीच महाराजांनी कामाला लावली. माझे आजोबा अशाच एका बोर्डिंगात राहिले. पन्हाळ्याच्या खालच्या गावातून महिन्याला पीठ आणि मिरची घेऊन चालत यायचे, आणि अभ्यास झाला का हे विचारायला आठवड्यातून एकदा समाजातला कुणी वडीलधारा माणूस यायचा. तो माणूस सरकारचा नव्हता, म्हणून त्याचा धाक जास्त होता, असं आजोबा सांगत.

जातवार बोर्डिंगांनी जाती घट्ट केल्या, हा आक्षेप खरा आहे. महाराजांनाही तो दिसला असणार. 1919 मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले कुंभोजचे भाऊराव पाटील त्याच वर्षी रयत शिक्षण संस्था काढते झाले आणि पुढे साताऱ्याला त्यांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवणारं वसतिगृह चालवलं. आधी आहे ते धरायचं, मग त्याच्यावर उभं राहून पुढं जायचं. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारून मग कोठारी आयोगाचे सचिव झाले. त्या आयोगानं जवळच्या शाळेत वस्तीतली सगळी मुलं, गरीब-श्रीमंत, एकत्र शिकावीत अशी शिफारस केली. मला वाटतं, गारगोटीच्या अनुभवाशिवाय ती शिफारस तशी आली नसती.

या जिल्ह्याचा हा वारसा आहे. जपायचं म्हणणाऱ्यानं आधी हे जपावं. भारतीय ज्ञानपरंपरेचा धडा पाठ्यपुस्तकात घातला आणि ज्या शाळेत तो शिकवायचा तिला कुलूप लागलं, तर परंपरा कुठं राहिली?

2023 मध्ये राज्यानं समूह शाळांचा विचार पुढं आणला. 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या, मोठी इमारत, ग्रंथालय, मैदान, मुलांना वाहनानं आणायचं. यासाठी पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचे दाखले दिले गेले. मी हा विचार एका झटक्यात झटकून टाकत नाही. 18 मुलांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत, हे खरं आहे. पण आमच्या शाळेपासून केंद्रशाळा चार किलोमीटर आहे आणि मध्ये ओढा आहे. राधानगरीचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला हा ओढा समजावून सांगावा लागत नाही. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम आपल्याच राज्याचा आहे.

आता आमच्या गावाचीही चूक सांगायला हवी, नाहीतर सगळं खापर वरच्यांवर फुटेल. सकाळी पिवळी व्हॅन येते आणि बऱ्या घरची पोरं इंग्रजी शाळेला घेऊन जाते. माझी शेजारीण म्हणाली, "वैनी, शाळा ऱ्हायलाच पायजे बगा गावात. माझा ह्यो तेवढा धाकटा इंग्लिशला हाय." तिच्या बोलण्यात खोट नव्हती. तिला शाळा खरंच हवी आहे, आणि मुलासाठी जे चांगलं वाटतं ते ती करते आहे. पालकाच्या हातात शाळा निवडायचा अधिकार द्या, सरकारनं पैसे शाळेला न देता पालकाला द्यावेत, असं अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 मध्ये मांडलं आणि 1990 पासून तिथल्या मिलवॉकी शहरात ते करूनही पाहिलं गेलं. मोठ्या शहरात चार शाळा हाकेच्या अंतरावर असतील तर त्यात तथ्य असेल. वाडीवर एकच शाळा असते. एकानं निवड केली की पट उतरतो, पट उतरला की शिक्षक जातो, शिक्षक गेला की जे व्हॅनचे पैसे भरू शकत नाहीत त्यांना निवड राहतच नाही. माझ्या आवडत्या तत्त्वाची ही कमजोर बाजू मला या 18 मुलांच्या हजेरीपटावर दिसते.

आणि त्या हजेरीपटावर काही मुलं येतच नाहीत. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गाळप सुरू होतात आणि मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात. गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. त्यातली दहा-बारा मुलं शाळेच्या वयाची असतात. ती गावाकडे आजीजवळ राहिली तर ठीक, नाहीतर आईबापाबरोबर फडात. स्थानिक लोकांना ठरवू द्या म्हणताना मी कुणाला स्थानिक म्हणते? या मुलांचं गाव तीनशे किलोमीटर मागं आहे आणि इथल्या ग्रामसभेत त्यांचं कुणी बसत नाही.

आमच्या बाई त्यांना शाळेत घेऊन येतात. गावाकडच्या शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड बरोबर असलं तर उत्तम, नसलं तरी बसवतात. मागच्या हंगामात एक मुलगी यायची, नऊ-दहा वर्षांची. तिसरीचं पुस्तक तिला वाचता येत नव्हतं. बाईंनी फळ्यावर वजाबाकी घातली, तीही जमली नाही. मग तिनं फ्रॉकच्या खिशातून कारखान्याच्या काट्याची पावती काढली आणि बोटानं दाखवलं, हे भरल्या गाडीचं वजन, हे रिकाम्याचं, आणि हा ऊस. दोन वजनांतला फरक तिनं तोंडी बरोबर सांगितला. बाप तिलाच पावती बघायला लावायचा, मुकादम फसवील म्हणून. बाईंनी तीच पावती फळ्यावर मोठी काढली आणि हातचा कसा घ्यायचा ते त्यावरून शिकवलं. धोरणात स्थानिक संदर्भातून शिक्षण असे शब्द आहेत. ते कसं करतात हे आमच्या बाईंना माहीत आहे, फक्त त्यांना तिथं टिकू द्यायला हवं.

टिकतील की नाही हे 30 सप्टेंबरला ठरतं. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, किती शिक्षक मंजूर ते त्यावर लागतं. टोळ्या येतात त्यानंतर. म्हणजे पाच महिने ज्या शाळेत जवळजवळ तीस मुलं बसतात, तिचा हिशोब वर्षभर 18 वरच राहतो. टोळी ज्या गावाहून आली तिथला पट सप्टेंबरात भरलेला असतो आणि हिवाळ्यात बाकं रिकामी असतात.

गेल्या बैठकीत आम्ही पहिल्यांदा वरच्या पत्राशिवाय एक विषय घेतला. पेन कुणी धरायचं यावर थोडं झालं, शेवटी रजिस्टर माझ्याकडे आलं. ठरावात तीन मागण्या आहेत. ओढ्यावर बारमाही पूल होईपर्यंत शाळा हलवू नये. हंगामी मुलांचा पट डिसेंबरात वेगळा मोजावा आणि शिक्षक देताना तो धरावा. आणि टोळी गावात आली की मुलांची यादी मुकादमाकडून ग्रामपंचायतीनं घ्यावी, मुलं शाळेत येत नसतील तर समितीच्या सदस्यांनी कोपीवर जावं, तरीही पाठवलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवावं. शेवटच्या मागणीवर एक आजोबा अडले. दुसऱ्याच्या पोराला शाळेत घाला म्हणून आपण का मागं लागायचं, असं त्यांचं म्हणणं. तात्या उठले आणि अनुमोदक म्हणून त्यांनी आपलं नाव सांगितलं. सूचक मी.

ठराव केंद्रप्रमुखांकडे दिला आहे. त्याची प्रत पंचायत समितीलाही गेली. पोच घेतली आहे. उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्यात तात्या, शेजारीण आणि मी तिथं जाणार आहोत. शेजारणीचा मुलगा आमच्या शाळेत नाही, पण तिनं स्वतःहून येते म्हणून सांगितलंय.